हाक, चाचणीपुरती

"पोरी, रोज खोट्या बोंबा मारतस तुम्ही. खरी बोंब उनी ते तुले समजी का?" मेथी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या होत्या.

धनश्री हसली होती. "आत्या, म्हणून तर आधी खोट्या मारायच्या. अ‍ॅप पक्कं झालं की मग खऱ्या."

अ‍ॅपचं नाव ‘हाक’. घरात अडकलेल्या बाईनं फोनच्या स्क्रीनवर तीनदा ठोकलं की जवळपासच्या बायकांना कळणार. बनवलं होतं धनश्रीच्या कॉलेजातल्या चेतननं, शहराच्या दुसऱ्या टोकाला भेस्तानला बसून. ते तपासणाऱ्या बायका गोळा करायच्या, टिकवायच्या, हे काम धनश्रीचं. बिनपगारी. बीएस्सी होऊन आठ महिन्यांच्या स्नेहाला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला एवढंच जमण्यासारखं होतं.

एका महिला संस्थेची अट होती. पन्नास जणींनी चाचण्या पूर्ण केल्या, तर त्यानंतरच्या सोमवारपासून अ‍ॅप खरं सुरू. तोवर हाक फक्त ग्रुपमध्ये वाजायची, तीही खोट्या नावानं, खोट्या पत्त्यानं. नियमच तसा.

गोडादऱ्यातल्या आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्येही तिनं कागद चिकटवला. ‘घरबसल्या टेस्टर व्हा. रोज दहा मिनिटं. नेट नसेल तर ३०२ चं वायफाय वापरा.’ खाली स्वतःच्या घरचा पासवर्ड.

हजीऱ्याच्या कारखान्यातून ड्युटी करून आलेल्या नवऱ्यानं, योगेंद्रनं, कपाळाला हात लावला. "पासवर्ड लिफ्टमध्ये लावतं का कुणी? अख्खी बिल्डिंग पिक्चर बघेल आता फुकटात."

पिक्चर कुणी बघितले नाहीत. कागद वाचून आले, असंही एकीनं सांगितलं नाही.

मग धनश्रीला युक्ती सुचली. दर शनिवारी सगळ्यात भारी चाचणी ती ग्रुपवर स्वतःच्या आवाजात वाचून दाखवायची आणि करणारीला एक तारा द्यायची. नऊ जणींच्या सत्तेचाळीस झाल्या. ताऱ्यासाठी बायका हिरिरीनं चुका शोधू लागल्या.

सगळ्यात जास्त तारे मंदाला. नाव अर्थात खोटं.

प्रत्येक चाचणीच्या चार ओळी असत: पायऱ्या, अपेक्षित, घडलं, शेरा. बाकीच्या लिहायच्या, बटण छोटं आहे, रंग उठत नाही. मंदा लिहायची, ‘जुना फोन, सिम नाही. वायफायवर हाक जावी.’ एकदा लिहिलं, ‘नवरा रोज फोन तपासतो. त्याला हे बिनकामाचं काम वाटावं. शब्द असेच कोरडे ठेवा.’

"काय डोकं आहे बाईचं!" चेतन म्हणाला. "घरी बसून असलं सुचतं कसं?"

"घरी बसूनच सुचतं," धनश्री म्हणाली.

तिला त्रास एकच होता. दुपारी स्नेहाचा जरा डोळा लागला की वरच्या घरातून ठक, ठक, ठक. पोर दचकून उठायची. धनश्री झाडूच्या दांड्यानं छताला तीनदा ठोकायची. वरचं थांबायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी लिफ्टमध्ये वरचा नितीन भेटला तेव्हा तिनं विषय काढलाच. "दादा, दुपारी तुमच्याकडून ठोकल्याचा आवाज येतो. बाळ उठतं माझं."

"दुपारी?" त्यानं वर बघितलं. "साड्यांना लेसपट्टी लावायची मशीन आहे ना ताई वर. कारागीर असंल." मग मान हलवली. "बरं झालं सांगितलं. बघतो मी."

शब्दाचा पक्का निघाला. आवाज बंद. स्नेहा दोन-दोन तास झोपायला लागली. धनश्रीनं त्याच्या हाती चकल्यांचा डबा दिला.

पण आता वेगळीच काळजी. मंदा गायब झाली होती. एकोणपन्नास जणींच्या चाचण्या पूर्ण होऊन ग्रुप अडला होता, आणि पन्नासावी तीच. ‘मंदाताई, रुसलात का?’ धनश्रीनं लिहिलं. फुलं पाठवली. हात जोडले.

"फुकटचं काम आहे," चेतन म्हणाला. "कंटाळली असेल."

नवव्या दिवशी मंदाची चाचणी आली. ‘पायऱ्या: उजवा हात उचलता येत नाही. डाव्या अंगठ्यानं तीनदा ठोकलं. अपेक्षित: हाक जावी. घडलं: तिसऱ्या ठोक्याआधी वेळ संपली. शेरा: वेळ वाढवा.’

चेतननं तासाभरात वेळ वाढवून दिली. धनश्रीनं शनिवारची वाट न बघता तारा दिला. ‘हात अधू असलेल्या बाईचा विचार आपल्यातल्या एकीनंही केला नव्हता!’ एकोणपन्नास जणींनी टाळ्या पाठवल्या. आता मंदाची फक्त एक चाचणी बाकी होती.

रविवारी दुपारी धनश्रीनं स्नेहाला नुकतंच झोळीत टाकलं होतं. वरून आवाज आला. ठक. ठक. मग बऱ्याच वेळानं, अगदी हलका, ठक.

"झालं का पुन्हा सुरू!" झोळी हलली तशी धनश्रीनं झाडू उचलला आणि छताला तीनदा ठोकलं. जरा जोरातच.

वरचं गप्प झालं. पोर झोपून राहिली. तेवढ्यात फोन वाजला.

मंदा. पन्नास पूर्ण! धनश्रीनं आधी चेतनला अंगठा पाठवला, मग चाचणी उघडली.

‘पायऱ्या: बॅटरी दोन टक्के. चार्जर नवऱ्यानं काढून नेला. दाराला बाहेरून कुलूप. म्हणून फरशीवर तीनदा ठोकलं.

अपेक्षित: खालच्या घरात कळावं.

घडलं: खालच्या ताई छताला तीनदा ठोकतात.

शेरा: ३०२ च्या ताई, एकदा वर येऊन बघा.’