सोबतीला आलेली

“मणिपूर,” प्रेक्षकांत बसलेली शैलजा एका दमात म्हणाली. लोकटाक सरोवर कोणत्या राज्यात आहे, असा प्रश्न होता आणि सोबत आलेल्या माणसाला विचारायची सवलत दिगंबर नेरकरांनी वापरली होती.

नेरकर चुळबुळले. टीव्हीवरच्या या प्रश्नमंजूषेसाठी त्यांनी नऊ वर्षं घोकंपट्टी केली होती. शैलजा, त्यांची बायको, दहावी नापास. ती वही उघडून प्रश्न विचारायची, ते उत्तरं द्यायचे. तिचा वाटा तेवढाच, असं ते धरून चालले होते.

“मिझोराम,” त्यांनी ठासून सांगितलं.

भोंगा वाजला. “मणिपूर,” निवेदक म्हणाला. टाळ्या झाल्या, आणि पाचच मिनिटांत दोघं स्टुडिओबाहेरच्या बाकावर होते. तोंडावरची पावडर पुसायचंही नेरकरांच्यात त्राण नव्हतं.

“तुला कसं माहीत?” त्यांनी विचारलं.

“नऊ वर्षं तीच वही वाचतेय की.”

त्यांची मान खाली गेली. “चुकलं माझं. पुढच्या वर्षी तुझं नाव देऊ. प्रश्न मी विचारेन.”

“नको हो.” तिने डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. “तुमच्या अभ्यासापायी रोज पहाटे चारला उठून जीव आंबलाय माझा. मला एकदा पोटभर झोपू द्या.”

गावी परतल्यावर पहिल्याच सकाळी, कुकरची शिट्टी नको म्हणून नेरकरांनी स्वतःच आपल्या डब्याचा भात पातेल्यात शिजवला. आठ वाजून गेले तरी त्यांनी तिला हाक मारली नाही.