पायबंद

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि पत्रातला शेवटचा शब्द शब्दकोशातल्या शब्दाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. तोच. फ्रेंच उच्चार काही जमेना, पण पुढे इंग्रजी अर्थ होते. हिंड्रन्स म्हणजे अडथळा. शॅकल म्हणजे बेडी. तिसऱ्यापाशी गाडी अडली. हॉबल.

शब्दकोश लेकीचा. ती शाळेत फ्रेंच शिकवायची. पत्रही तिच्याच अक्षरातलं. शब्दकोश झटकताना त्यातून पडलं होतं. तारीख दहा वर्षांपूर्वीची, पत्ता परदेशातल्या विद्यापीठाचा. दुपारभर एकेक शब्द हुडकून घड्याळजींनी ते जुळवलं होतं : तुम्ही माझी निवड केलीत, आभारी आहे. येता येत नाही. माझे वडील म्हणजे माझा...

‘त्यांनी मला घेतलं नाही, बाबा,’ असं तिनं तेव्हा हसत सांगितलं होतं.

लेक शाळेतून आली, माठाशी गेली.

“बाळ, हॉबल म्हणजे काय गं?”

“पायबंद. घोडं चरायला सोडतात ना, ते लांब जाऊ नये म्हणून पाय बांधतात दोरीनं.”

“दुखतं का त्याला?”

“छे हो. सवय होते.” ती पाणी प्यायली, वळली आणि तिला पत्र दिसलं.

“हे पाठवलं नाही मी,” ती घाईनं म्हणाली. “लिहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. नुसतं ‘जमत नाही’ म्हणून कळवलं.”

“म्हणजे खरं ते घरी ठेवलंस.”

तिनं पत्राची घडी घातली आणि ते परत शब्दकोशात सारलं.

“आता जा. माझ्यासाठी बाई ठेवू एखादी. माझं काय, आज आहे उद्या नाही.”

“तिशीच्या आतली अट होती, बाबा. मला चाळिसावं लागलं.”

घर गार पडायला लागलं होतं. ती त्यांच्या चाकाच्या खुर्चीपुढे खाली बसली आणि मोजा चढवायला त्यांचा पाय तिनं मांडीवर घेतला. घड्याळजींना तो ओढून घ्यायचा होता. त्यांनी दात आवळले, खुर्चीचे हात घट्ट धरले, सगळा जीव कमरेखाली लोटला. पाय तिच्या मांडीवर तसाच पडून राहिला.

“झालं,” ती म्हणाली. “आता दुसरा.”

आणि तोही तिनंच उचलला.