इंदुमतीबाईंची तुकडी

पक्षाघातानंतर पाच महिने इंदुमती भोइटे एक शब्दही बोलल्या नव्हत्या. रोज दुपारी त्या विचार वाचणारी टोपी घालून, डोळे मिटून, लेकीने लावून दिलेला खेळ खेळत बसायच्या. त्यांना आतून काही कळतंय की नाही, या धास्तीने त्यांचे यजमान रघुवीरराव खचले होते. शेवटी एका दुपारी त्यांनी स्वतःच दुसरी टोपी डोक्यावर चढवली.

डोळे मिटताच ते एका बर्फाळ घाटात उभे होते, अंगावर नवख्याचा साधा अंगरखा. समोर देशोदेशीचे वीसेक खेळाडू एका राक्षसावर चालून जायच्या तयारीत थांबले होते.

"कोणाची वाट बघताय?" त्यांनी शेजारच्या मुलीला विचारलं.

"आमच्या सरदारीणबाईंची. त्या आल्याशिवाय आमची तुकडी हलत नाही."

तेवढ्यात चिलखत घातलेली एक उंच बाई पुढे आली. "लागलं तर लगेच मागे या! उगाच शौर्य नको!"

तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला तो खणखणीत आवाज रघुवीररावांनी लगेच ओळखला.

"इंदू?"

ती गर्रकन वळली. "अहो, तुम्ही? ढाल न घेताच आलात? आणि दुपारची गोळी घेतलीत का?"

त्यांनी डोळे पुसले. "काय म्हणालीस?"

"ढाल घ्या म्हटलं! ऐकू येत नाही का?"

"नाही," ते म्हणाले. "पुन्हा सांग."

त्यांना सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.