पाचव्या डब्याची तहान

दौंडला गाडी दहा मिनिटं थांबते. तेवढ्यात एबनेझरला पाच डब्यांच्या टाक्यांत पाइपानं पाणी भरायचं असतं. टाकी भरली की बाजूच्या नळीतून पाणी बाहेर सांडतं, तीच खूण.

चार डबे सांडले. पाचवा सांडेना.

"काय रं, तुझ्या शिरूरची घोडनदी वळवून आणली तरी भरंना व्हय?" मुकादम जयसिंग येऊन खेकसला. "काल ह्योच डबा कोरडा गेला. संडासात पाणी न्हाई म्हणून बाया सोलापूरपातूर शिव्या देत गेल्या. आज गेला तर उद्यापासनं कामावर येऊ नको."

"पाणी आत जातंय, मामा."

खरंच जात होतं. पाण्याच्या जोरानं पाइप फुगून टणक झाला होता. जयसिंग पुढं गेला, तसा एबनेझरनं डब्याच्या पत्र्याला कान लावला.

आत पाणी पडत नव्हतं. कुणीतरी ते पीत होतं.

घुटका. घुटका. मग दम घ्यायला थांबल्यासारखी शांतता. पुन्हा घुटका.

खिडकीतून एक बाई ओरडली, "आवं, नळाला थेंब न्हाई अजून!"

सिग्नल हिरवा झाला. आता थांबता येणार नव्हतं. त्यानं व्हॉल्व्ह बंद केला. पाइप चपटा पडला.

घुटका.

त्यानं पाइप हिसकून काढला.

घुटका.

जयसिंगला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, पण जीभ टाळूला चिकटली होती. आतल्यानं दम घेतला आणि पुन्हा प्यायला सुरुवात केली, आता सावकाश. आणि प्रत्येक घुटक्यासरशी एबनेझरचा घसा खाली खाली सुकत चालला.