पाण्याला घाबरणारं बदक

तो माणूस पुन्हा दारात दिसला आणि दुरुस्तीवालीच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर निसटून टेबलाखाली गेला.

"परत बिघडला," असं म्हणत त्याने तोच जुना, हातात धरून खेळायचा गेम तिच्यापुढे ठेवला. "आवाज येत नाही."

आठवड्यातली ही त्याची तिसरी खेप. पहिल्यांदा बटण अडकलं होतं, दुसऱ्यांदा बॅटरीचे पत्रे वाकले होते. पत्रे आपणहून वाकत नाहीत, कोणीतरी वाकवावे लागतात, हे तिला तेव्हाच कळलं होतं. आणि दोन्ही वेळा दुरुस्ती झाल्यावर त्याने एकच हट्ट धरला होता, "जरा खेळून दाखवा." ती खेळत असताना तो पडद्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या अंगठ्यांकडे बघत होता.

काल जेवताना तिने हे आईला सांगितलं.

"वय काय असेल त्याचं?" आईने विचारलं.

"पस्तिशीच्या आतबाहेर."

आईचा घास हातातच राहिला. मग ती ताटावरून उठली आणि माळ्यावरच्या बॅगा खाली काढायला लागली.

"तुझ्या बापाने पाठवलाय त्याला," ती म्हणाली. "उद्या दुपारी निघायचं. तोवर दुकान बंद. कडी लाव आणि कोणालाही आत घेऊ नकोस."

बाप म्हणजे तिच्या लेखी बागुलबुवाच. त्याचा चेहरासुद्धा तिला आठवत नव्हता. पण त्याच्या धाकाने मायलेकींनी किती गावं सोडली याला गणती नव्हती. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसा त्यांचा संसार. शाळेत फोटो काढायचा दिवस आला की तिला हमखास ताप यायचा, आणि तिला काही होत नसलं तरी तो ताप आईला बरोबर दिसायचा. नव्या जागी गेलं की आई आधी सुतार बोलावून दारांना भक्कम कड्या बसवून घ्यायची, चूल वगैरे मग. इथेही तशा दोन होत्या. एक रस्त्याच्या दाराला आणि दुसरी, दोन्ही बाजूंनी लागणारी, दुकान आणि मागची खोली यांच्या मधल्या दाराला.

आज तिने दार उघडलं ते फक्त एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं घड्याळ परत द्यायला. तेवढ्यात माशी शिंकली.

आईला हाक मारावी, तर ती आतच आहे हे याला कळणार. पळावं, तर आई एकटी सापडणार.

"बसा," ती कशीबशी म्हणाली. "करून देते."

तिने गेम उघडला. स्पीकरची तार तुटलेली होती, आणि टोक कात्रीने छाटल्यासारखं साफ होतं. तिने तार पुन्हा जोडून सोल्डरचा डाग दिला. मधल्या दारापलीकडे आई बॅगेची चेन ओढत होती. तो आवाज बुडावा म्हणून तिने घाईघाईने गेम चालू केला.

लहान मुलांच्या एका जुन्या कार्टूनवरचा तो गेम. बदकाचं पिल्लू, पण पाण्याला घाबरणारं. पायात गमबूट चढवून ते डबक्यांवरून उड्या मारत घरी जायला निघतं आणि वेळ संपायच्या आत त्याला पोचवायचं असतं. आईने तिला असलं काही कधी घेऊन दिलं नव्हतं, पण या धंद्यात कोणाकोणाचे गेम हाताखालून जातात. बोटांना सगळं पाठ होतं. डबकं आलं की पिल्लाला दोनदा वाकवायचं, मग उडी. पुन्हा डबकं, पुन्हा दोनदा.

"हे वाकवता कशाला?" त्याने विचारलं.

तो टेबलाजवळ सरकला. तिने टेबलावरची कात्री हळूच जवळ ओढली.

"वाकवावं लागतं. नाहीतर बुडतं ते."

"कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? सगळे असंच खेळतात."

"द्या इकडे."

त्याने गेम घेतला. डबकं आलं. पिल्लू वाकलं नाही. सरळ उडी मारून पलीकडे गेलं. पुढचंही डबकं गेलं, त्याच्या पुढचंही. ती बघतच राहिली.

"मी खोटं बोलून येत होतो, माफ करा," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात या खिडकीतून तुम्हाला पाहिलं. दुसऱ्या कोणाचा तरी हाच गेम तपासत होता. आधी वाटलं, आपल्याला भास झाला. खात्री करायला हा बिघडवून आणत राहिलो."

"कसली खात्री?"

"आमच्या घरी गेम एक आणि खेळणारे दोघं. मी सात वर्षांचा, बहीण चारची. वेळ संपली की पाळी बदलायची. म्हणून मी तिला थाप मारली, की आधी दोनदा वाकलं नाही तर पिल्लू बुडतं. वाकण्यातच तिची वेळ संपायची आणि माझी पाळी लवकर यायची." त्याने गेम टेबलावर ठेवला, पण हात मागे घेतला नाही. "ही थाप मी दुसऱ्या कोणालाही मारलेली नाही. आम्ही बागेत बाकावर बसलो होतो. पाळी माझी होती. मान वर केली तर ती नव्हती. बाबा अजून त्या बाकावर जाऊन बसतात."

मधल्या दारामागे बॅगेची चाकं वाजली. पावलं जवळ आली.

"चिमणे, कोणाशी बोलतेस गं?" आईचा आवाज आला.

ती उठली. कात्री टेबलावरच राहिली. तिने जाऊन कडी लावली, मधल्या दाराला.