सुतार कोण?

ऐक ना, नुसतं ऐक! आपल्या टेक्सासच्या बंडात कोलेटोची लढाई हरलेली आपली पोरं मेक्सिकोवाल्यांच्या कैदेत पडली होती, गोलियादच्या किल्ल्यात. एका सकाळी त्यांचा कप्तान आला. "सगळ्यांना घरी सोडतोय, बंदरात जहाज उभं आहे. फक्त एक सुतार इथं कामाला ठेवणार. सुतार कोण?"

सुतार होता हायरम. पण घरी बायको बाळंत झालेली, लेकीचं तोंडही अजून पाहिलं नव्हतं त्यानं. त्यानं शेजारच्या एझ्राला सरळ पुढे ढकललं. "हा घ्या सुतार, कप्तानसाहेब! लाजतोय बिचारा."

"अरे हरामखोरा, मला साधा खिळा ठोकता येत नाही!" एझ्रा रडत ओरडला, तरी शिपायांनी त्याला आत ओढलंच.

"तुझ्या आईला सांगतो रे, पोरगा मजेत आहे म्हणून!" हायरम हसत म्हणाला, आणि बाकीच्यांबरोबर गाणी म्हणत फाटकाबाहेर पडला.



एझ्रा अजून त्याला शिव्याच घालत होता, तेवढ्यात बाहेर माळावर बंदुका कडाडल्या. जहाज वगैरे काही नव्हतंच, रांगेतले हायरमसकट जवळजवळ सगळे मारले गेले.

खरं सांग, हायरमच्या जागी तू काय केलं असतंस?