जाहिराती वगळून

संशोधिकेने पहिला खंड चाळला आणि मिटला. दुसराही मिटला. तिसऱ्यावर तिची बोटे मंदावली, तेव्हाच मास्तरांना पाणी कुठेतरी मुरत असल्याची शंका आली.

तिच्या संस्थेने नकार दिला, तर मास्तरांच्या मागे हा बांधीव मासिकांचा संग्रह रद्दीत जाणार होता. मुलाने तसे आडपडदा न ठेवता सांगितले होते. त्यामुळे रागवायलाही सोय उरली नव्हती.

“एकही अंक हुकलेला नाही, सर.”

“नाहीच.” जुन्या वाङ्मयीन मासिकांपायी त्यांनी अर्धे आयुष्य पायपीट केली होती.

“पण यांची मुखपृष्ठं? आणि त्यांच्या आतल्या, मागच्या जाहिराती?”

“काढायला लावल्या. बांधणीवाल्यानं विचारलं होतं, ठेवायच्या का म्हणून. म्हटलं, साहित्यात साबण नि केसतेलं कशाला? भेसळ नको.” रसायनशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला हा निर्णय स्वयंसिद्ध वाटला होता.

तिने तिसराही खंड मिटला. “कथा-कविता आमच्याकडे संगणकावर आहेत, सर. तेवढं सगळ्यांनीच जपलं. मला जाहिराती हव्या होत्या. त्या कुणाकडेच नाहीत.”

मास्तरांना या युक्तिवादात खोट सापडत नव्हती.

“अहो, बांधणीवाल्यानं खंडांसोबत परत पाठवलेली ती जाड पानं ना?” पत्नी दारातूनच म्हणाली. “ती टाकतेय कशाला! माझ्या फळ्यांवर अंथरलीत. मुखपृष्ठ उलगडलं की बरोब्बर फळीच्या मापाचं होतं.”

संशोधिका स्वयंपाकघरात जवळजवळ धावलीच. मास्तर एकेक डबा उतरवत गेले. त्यांची कंबर दुखत होती. पिठाच्या डब्याखालून, तेलाच्या गोल डागातून, एक बाई साबणाची वडी गालाशी धरून हसत होती.

“अगं बाई, हा साबण!” संशोधिका उद्गारली.

आपल्या खंडांपुढे कुणीतरी याच स्वरात बोलेल, अशी मास्तरांची वर्षानुवर्षांची अपेक्षा होती.

“काकू, तुम्ही वाचवलंत हो सगळं!”

“मी कसली वाचवतेय? झुरळं होऊ नयेत म्हणून घातली होती.”

संशोधिकेने पाने अलगद सोडवली, गुंडाळी केली. मास्तर दारापर्यंत गेले. “आणि खंड?”

“जागेचीच अडचण आहे, सर.” ती खरेच ओशाळली होती.

ते परतले, तेव्हा डबे जमिनीवर होते आणि फळ्या उघड्या.

“पदव्या तुमच्या न् शाबासकी मला,” पत्नी हसली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिने आवाज उतरवला. “जाऊ दे. आता इथे घालायला काहीतरी बघा.”

मास्तरांनी बाहेरून एक खंड आणला. मधले एक पान, न फाडता, फळीवर टेकवून पाहिले.

पान फळीच्या निम्म्यावरच संपले.